हेव्हन्स-अबव्ह: वेळेवर डोळे झाकून विश्वास ठेवा, तेजाच्या आकड्यावर नको

उपग्रह कधी उगवेल, कुठून कुठे जाईल आणि किती ठळक दिसेल हे सांगणारी हेव्हन्स-अबव्ह ही फुकट वेबसाइट ख्रिस पीट यांनी उभी केली. हौशी उपग्रहनिरीक्षणात आजही पहिलं पान तिथलंच उघडलं जातं. तिचं रूप जुनाट आहे, तक्ते दाटीवाटीचे आहेत, आणि नवख्याला ती हात धरून काही शिकवत नाही. तरी वेळ आणि दिशा या दोन बाबतींत ती इतकी चोख आहे की तिच्यावर घड्याळ लावावं. तेजाचं मात्र तसं नाही. ‘ब्राइटनेस’च्या रकान्यात येणारा आकडा म्हणजे प्रत (आकडा जितका लहान तितकी वस्तू ठळक, उणे असला तर फारच ठळक), आणि तो एका साध्या गणिताचं उत्तर असतो. ते गणित समजलं की आकडा उपयोगी पडतो, नाही समजलं की साइट चुकीची वाटते.

सुरुवातीलाच एक खड्डा आहे. ठिकाण निवडलं नसेल तर साइट ‘अनस्पेसिफाइड’ म्हणून शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश धरते. म्हणजे आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातातला एक बिंदू! तक्ता व्यवस्थित भरलेला दिसतो, वेळा दिसतात, उंची दिसते, आणि गच्चीवर गेल्यावर आकाश रिकामं. तेव्हा वरच्या कोपऱ्यातलं ठिकाणाचं नाव आधी वाचावं. नकाशावर आपलं गाव टिचकीने निवडावं आणि वेळेचा विभाग भारतीय प्रमाणवेळेवर, म्हणजे यूटीसी अधिक साडेपाच तासांवर, आणावा. खातं उघडण्याची गरज नाही. अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ पत्त्याच्या ओळीतच लिहिलेली असतात, त्यामुळे ते पान बुकमार्क केलं की काम झालं. गावी आणि शहरात दोन्हीकडे निरीक्षण करणाऱ्यांनी दोन बुकमार्क ठेवावेत.

ठिकाण किती काटेकोर हवं? एक किलोमीटरच्या चुकीने डोक्यावरच्या अंतराळ स्थानकाची दिशा जेमतेम ०.१४ अंशाने हलते, म्हणजे घर नेमकं टोचण्यात वेळ घालवू नये. पण नागपूरकराने ‘मुंबई’ निवडून भागणार नाही. रेखांशात सव्वासहा अंशांचा फरक आहे, सूर्यास्त सुमारे २५ मिनिटं आधी होतो, आणि मुंबईच्या डोक्यावरून जाणारं स्थानक नागपुरातून क्षितिजावर जेमतेम तिशीच्या आत-बाहेर दिसतं.

पहिल्या पानावर दोन प्रकारचे दुवे कामाचे आहेत. एक, ठरावीक उपग्रहांचे दहा दिवसांचे अंदाज: आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक, चीनचं तिआनगोंग वगैरे. दुसरा, ‘ठळक उपग्रहांची रोजची यादी’. दुसऱ्या यादीत किमान तेज निवडता येतं. मुंबई, ठाणे, पुण्याच्या मध्यवस्तीत ३.० च्या पुढे जाऊ नये, कारण त्यापेक्षा मंद काही दिसणारच नाही आणि यादी मात्र मैलभर लांबेल. वांगणीसारख्या शहराबाहेरच्या अंधाऱ्या ठिकाणी, चंद्र नसताना, ४.५ किंवा ५.० निवडायला हरकत नाही. सकाळ की संध्याकाळ हेही वेगळं निवडावं लागतं, आणि ते विसरल्यामुळे ‘आज काहीच नाही’ असं वाटतं.

यादीतल्या प्रत्येक फेरीच्या तीन वेळा येतात: सुरुवात, सर्वोच्च बिंदू, शेवट. सुरुवात म्हणजे क्षितिज नव्हे, दहा अंश उंची. इमारतींच्या जंगलात दहा अंशांवर तसंही काही दिसत नाही. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश झाकते, त्या मापाने आपल्या गच्चीवरून प्रत्येक दिशेला किती मुठींपासून आकाश मोकळं आहे हे एकदा मोजून ठेवावं. मग यादी वाचतानाच निम्म्या फेऱ्या गळतात.

खरा ऐवज मात्र यादीत नाही. तारखेवर टिचकी मारली की उघडणारं फेरीचं सविस्तर पान हे या साइटचं सर्वांत मोलाचं पान आहे. तिथे ताऱ्यांच्या नकाशावर मार्ग रेखलेला असतो, वेळेच्या खुणांसह. खालच्या तक्त्यात उगवण, दहा अंश, सर्वोच्च बिंदू, पृथ्वीच्या सावलीत शिरणं किंवा सावलीतून बाहेर येणं, मावळणं अशा ओळी असतात, आणि प्रत्येक ओळीत वेळ, उंची, दिगंश (उत्तरेपासून अंशांत मोजलेली दिशा), किलोमीटरमधलं अंतर, तेज आणि सूर्याची उंची. यादीतला तेजाचा एकच आकडा वाचून गच्चीवर जाणारे फसतात ते इथेच. एकाच फेरीत तेज चार-चार प्रती बदलतं, आणि ते कसं बदलणार हे या तक्त्यात आधीच लिहिलेलं असतं.

आता गणित. प्रत्येक उपग्रहाच्या माहितीपानावर त्याची मूळ प्रत दिलेली असते: उपग्रह १००० किलोमीटरवर असताना आणि निम्मा उजळलेला असताना त्याची जी प्रत असेल ती. अंतराळ स्थानकाची ही मूळ प्रत −१.८ धरली आहे. त्यात दोन दुरुस्त्या होतात. पहिली अंतराची: ४०० किलोमीटरवर −२.०, ५०० वर −१.५, ७०० वर −०.८, १५०० वर +०.९, २००० वर +१.५. दुसरी कलेची. उपग्रहावर उभं राहून पाहिलं तर सूर्य आणि आपण यांच्यात जो कोन होईल तो कला-कोन. उपग्रह गुळगुळीत न चमकणारा, प्रकाश सगळीकडे सारखा विखुरणारा गोल आहे असं मानलं तर कला-कोन ० असताना −१.२, ३० ला −१.१, ६० ला −०.७, ९० ला शून्य, १२० ला +१.२ आणि १५० अंशांना तब्बल +३.३ अशी दुरुस्ती येते. कला-कोन काढायला सोपी युक्ती आहे. आकाशात सूर्य जिथे आहे (क्षितिजाखाली असला तरी) तिथपासून उपग्रहापर्यंतचं कोनीय अंतर घ्यायचं आणि ते १८० मधून वजा करायचं.

साइट हेच गणित करते का, याचा पडताळा माहितीपानावरच मिळतो. तिथे स्थानकाचं कमाल तेजही दिलेलं असतं: कक्षेच्या सर्वांत जवळच्या बिंदूवर, शंभर टक्के उजळलेलं, सुमारे −४.९. मूळ −१.८, पूर्ण कलेचे −१.२, आणि ४१५ किलोमीटरचे −१.९. बेरीज जुळते. अर्थात हे कमाल तेज कागदावरचंच. डोक्यावर असलेला उपग्रह पूर्ण कलेत दिसायला सूर्य आपल्या पायाखाली हवा, आणि तेव्हा उपग्रह पृथ्वीच्या सावलीत असतो.

एक फेरी उदाहरणादाखल घेऊ. संध्याकाळ, सूर्य क्षितिजाखाली १२ अंश, आणि स्थानक मावळतीकडून उगवून थेट डोक्यावरून उगवतीकडे चाललं आहे, उंची ४२० किलोमीटर. पश्चिमेला २५ अंशांवर असताना अंतर सुमारे ८८० किलोमीटर आणि कला-कोन १४३ अंश. प्रत येते +०.६. डोक्यावर अंतर ४२०, कला-कोन ७८, प्रत −४ च्या घरात. पूर्वेला पुन्हा २५ अंशांवर उतरलं, अंतर तेच ८८०, पण कला-कोन फक्त १३ अंश. प्रत −३.३. उंची तीच, अंतर तेच, आणि तेजात जवळजवळ चार प्रतींचा, म्हणजे पस्तीसेक पटींचा फरक. ‘स्थानक उगवलं पण फिकटच दिसलं’ असं म्हणून मिनिटभरात आत जाणारे लोक फेरीचा उत्तम भाग घालवतात. संध्याकाळी पूर्वेकडचा अर्धा भाग पाहावा, पहाटे पश्चिमेकडचा.

फक्त स्थानक हे गोल नाही. त्याचे सौरपंख सूर्याकडे वळलेले असतात, मधला सांगाडा लांबट आहे, उष्णता बाहेर टाकणारे पांढरे पत्रे वेगळ्या दिशेला आहेत. त्यामुळे पश्चिमेकडे ते गणितापेक्षा बरंच ठळक दिसू शकतं, आणि एखाद्या पत्र्यावरून सूर्य थेट परावर्तित झाला तर काही सेकंद अंदाजापेक्षा प्रतभर किंवा अधिक उजळून निघतं. म्हणून साइटच्या आकड्यात अर्धी प्रत इकडे-तिकडे असणं हा दोष मानू नये. हबल दुर्बीण, रॉकेटचे दंडगोल आणि कोलांट्या खाणारे मृत उपग्रह यांच्या बाबतीत दोन प्रतींची तफावतही चालते. निरीक्षणाची गंमत या तफावतीतच आहे. गोल मानून काढलेला आकडा ही आधाररेषा, आणि तुम्ही डोळ्याने घेतलेली प्रत तिच्यापासून कुठे आणि कधी सुटते, यावरून त्या वस्तूचा आकार आणि तिचं फिरणं कळतं.

डोळ्याने प्रत घ्यायची तर तुलनेचे तारे पाठ हवेत. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत संध्याकाळी सप्तर्षी ही तयार मोजपट्टी आहे: अंगिरस आणि क्रतु १.८, मरीची १.९, वसिष्ठ २.०, पुलह आणि पुलस्त्य २.४, अत्री ३.३. ठळक बाजूला व्याध −१.५, अगस्ती −०.७, स्वाती आणि अभिजित शून्याच्या आसपास, प्रश्वा ०.३, श्रवण ०.८, चित्रा १.०, मघा १.४, ध्रुव २.०. हिवाळ्यात मृगाचा पट्टा कामी येतो, त्यातले दोन तारे १.७ आणि तिसरा २.२. शर्मिष्ठेतही २.२ पासून ३.४ पर्यंतचे तारे आहेत, फक्त मधला तारा बदलता असल्याने तो वगळावा. मृगातला तांबडा काक्षीही त्याच कारणाने वर्ज्य. पद्धत अशी: उपग्रहापेक्षा एक ठळक आणि एक मंद तारा धरायचा आणि उपग्रह त्यांच्या मध्ये कुठे बसतो ते दशांशात सांगायचं. तारे शक्यतो उपग्रहाच्याच उंचीवरचे घ्यावेत. दहा-पंधरा अंशांवर वातावरण प्रतभर प्रकाश सहज खातं. दोघे सारख्याच उंचीवर असले तर दोघांचंही सारखंच खाल्लं जातं आणि तुलना शुद्ध राहते. −२ पेक्षा ठळक वस्तूंना तुलनेसाठी गुरू आणि शुक्र सोडून काहीच नाही, त्यामुळे स्थानकाची डोळ्याने घेतलेली प्रत नेहमीच ढोबळ असते. प्रत शिकण्यासाठी स्थानक ही चुकीची वस्तू आहे. दोन ते चार प्रतीचे रॉकेटचे टप्पे घ्यावेत.

असे टप्पे रोजच्या यादीत ढिगाने असतात. नावापुढे ‘रॉकेट’ किंवा तसा संक्षेप लिहिलेला असतो. झेनिट रॉकेटचे दुसरे टप्पे त्यात सर्वांत देखणे: ३.९ मीटर व्यासाचे, ८४० किलोमीटरच्या आसपास, विषुववृत्ताशी ७१ अंश कललेल्या कक्षेत. रिकामा टप्पा स्थिर नसेल तर लांब बाजू आणि टोक आळीपाळीने आपल्याकडे येतात आणि तेज ठरावीक अंतराने चढतं-उतरतं. याबद्दल साइट अवाक्षर काढत नाही. तिच्या तक्त्यात २.९ लिहिलेलं असेल आणि आकाशात वस्तू २ आणि ५ च्या मध्ये हेलकावे घेत असेल. ५ ला ती शहरातून गायब होते आणि पाहणारा समजतो की मार्ग चुकला. नजर मार्गावरून ढळू देऊ नये, त्याच मार्गावर पुढे सरकत ठेवावी.

लुकलुकण्याचा काळ मोजायला फोनमधलं स्टॉपवॉच पुरतं. पहिल्या चमकेला बटण दाबताना ‘शून्य’ म्हणायचं, ‘एक’ नाही. ही चूक इतकी सरसकट होते की दहा चमकांच्या मोजणीत काळ एकदम दहा टक्क्यांनी कमी भरतो. बोटाची चूक साधारण ०.२ सेकंद असते. ती चमकांच्या संख्येने भागली जाते, म्हणून एका चमकेपासून दुसरीपर्यंत मोजण्यापेक्षा पंधरा-वीस चमका सलग मोजाव्यात. शक्य असेल तर दर पाचव्या चमकेला ‘लॅप’ दाबावं. फेरीच्या सुरुवातीचा काळ आणि शेवटचा काळ थोडा वेगळा आला तर घाबरू नये. उपग्रह आपल्याभोवती दिशा बदलत जातो, त्यामुळे दिसणारा काळ आणि खरा फिरण्याचा काळ यांत फरक पडतो, आणि डोक्यावरून जाताना तो सर्वांत जास्त असतो. आणखी एक: दंडगोलाच्या एका फेऱ्यात दोन चमका येतात, कारण दोन्ही बाजू उजळतात. मोजलेला काळ चमकांचा आहे की पूर्ण फेऱ्याचा, हे नोंदीत लिहिलं नाही तर ती नोंद वाया.

शोधून पाहावेत असे काही क्रमांक सांगतो. साइटच्या उपग्रहसूचीत नावाने शोधता येतं, पण नावांची स्पेलिंगं आणि संक्षेप विचित्र असल्याने सूचीक्रमांक बरा. २२०७६ म्हणजे टोपेक्स-पोसायडन, १९९२ मध्ये सोडलेला समुद्रमापक उपग्रह, २००६ पासून बंद. सुमारे १३४० किलोमीटरवर तो कोलांट्या खातो आहे, आणि सूर्यप्रकाशाच्या दाबामुळे त्याचं फिरणं वर्षागणिक वेगवान होत गेलं. मोजणीनुसार काळ दहा सेकंदांच्या आसपास आला आहे. दर वर्षी एकदा मोजला तरी हौशी निरीक्षकाच्या हाती खरी भौतिकी लागते. २७३८६ म्हणजे एन्व्हिसॅट, युरोपचा पृथ्वीनिरीक्षक उपग्रह, आठ टनांचा, ८ एप्रिल २०१२ ला संपर्क तुटलेला. तो संथ आहे, काळ मिनिटांच्या हिशेबात, म्हणून एका फेरीत दोन-तीनच चढउतार मिळतात. स्टॉपवॉचपेक्षा इथे दर दहा सेकंदांनी प्रत बोलून ध्वनिमुद्रण करावं.

१६९०८ ही जपानची अजिसाई, ऑगस्ट १९८६ ची. २.१५ मीटरचा गोल, त्यावर ३१८ आरसे. सोडताना मिनिटाला ४० फेरे होते, आता मंदावली आहे. एका फेऱ्यात तीन चमका अशी आरशांची मांडणी आहे, आणि प्रत्येक चमक काही मिलिसेकंदांची. साइटच्या गोलाच्या गणितासाठी हा अगदी योग्य गोल वाटेल, पण हा आरशांचा गोल आहे, प्रकाश विखुरणारा नव्हे. त्यामुळे आकडा आणि अनुभव यांचा काहीच मेळ नाही. उघड्या डोळ्यांनी ती शहरातून अवघडच. ७×५० किंवा १०×५० द्विनेत्री घ्यावी, साइटच्या नकाशावरून मार्गात येणारा एखादा तारा निवडावा, वेळेच्या मिनिटभर आधी त्यावर रोखून थांबावं. द्विनेत्रीत साडेसहा-सात अंशांचं आकाश मावतं आणि अजिसाई १४९० किलोमीटरवर असल्याने सेकंदाला जेमतेम पाव अंश सरकते, म्हणून ती नजरेतून निसटत नाही. स्थानक याच्या चौपट वेगाने पळतं. फोनच्या कॅमेऱ्यात या चमका पकडण्याचा नाद करू नये. तीस सेकंदांच्या छायाचित्रात मिलिसेकंदांची चमक आकाशाच्या उजेडात बुडते.

महाराष्ट्र-गोव्यातून पाहणाऱ्यांनी साइटच्या पहिल्या पानावरच्या मोजक्या नावांवर थांबू नये. आपलं अक्षांश १५ ते २२ अंश, त्यामुळे विषुववृत्ताशी कमी कललेल्या कक्षा आपल्या वाट्याला येतात. हबल दुर्बीण, क्रमांक २०५८०, २८.५ अंशांच्या कक्षेत सुमारे ५०० किलोमीटरवर आहे. उत्तर युरोपातल्या निरीक्षकाला ती क्षितिजाच्या वर येतच नाही किंवा जेमतेम टेकते. आपल्याकडे ती थेट डोक्यावरून जाते, दोन-तीन प्रतीची. तिचं अंग चंदेरी आणि दंडगोल, नेम धरून ती कुठल्याही दिशेला वळलेली असते, म्हणून एकाच मार्गावरच्या दोन फेऱ्यांत तेज वेगळं मिळतं. तिआनगोंग ४१.५ अंशांच्या कक्षेत, ३९० किलोमीटरच्या आसपास, तेही आपल्याला उत्तम.

कमतरता सावलीची आहे. पुण्याच्या अक्षांशावर सूर्य झपाट्याने, तासाला तेरा-चौदा अंश, खाली जातो. ४१५ किलोमीटरवरचा उपग्रह डोक्यावर असताना उजळलेला राहण्यासाठी सूर्य २० अंशांपेक्षा खाली नसावा लागतो. म्हणजे सूर्यास्तानंतर साधारण ८० ते ९० मिनिटं. युरोपात पन्नास अक्षांशावर जूनमध्ये सूर्य इतका खाली जातच नाही, आणि स्थानक रात्रभर दिसतं. तिकडच्या लेखांत ‘एका रात्रीत पाच फेऱ्या’ वाचून इथे तसं शोधू नये. १३४० ते १५०० किलोमीटरवरच्या टोपेक्स किंवा अजिसाईसारख्या वस्तूंना मात्र आपल्याकडेही सूर्यास्तानंतर अडीच तास मिळतात. जून ते सप्टेंबर ढगांपुढे काही चालत नाही. साइटला ढग कळत नाहीत, यादी निर्विकारपणे भरलेली येते.

वेळेच्या चोखपणाला एक पुस्ती जोडायला हवी. अंदाज कक्षेच्या ताज्या मोजमापांवर चालतो आणि त्यांची तारीख पानावर ‘इपॉक’ म्हणून दिलेली असते. स्थानकाची कक्षा अधूनमधून इंजिन पेटवून उंचावली जाते. त्यानंतर आधी काढून ठेवलेली वेळ अर्ध्या मिनिटाने सहज चुकू शकते, आणि सेकंदाला एक अंश पळणाऱ्या वस्तूसाठी अर्धं मिनिट म्हणजे तीस अंश. दहा दिवसांच्या यादीतले शेवटचे दिवस बेत आखण्यापुरते. निघण्याच्या दिवशी पान पुन्हा उघडावं. छापून भिंतीवर लावलेला तक्ता ही या छंदातली सर्वांत खात्रीची निराशा.

काही बाबतींत मात्र साइटच्या जुन्या कीर्तीवर जाऊ नये. इरिडियम या दळणवळण उपग्रहांच्या चमकांचे अंदाज ही तिची मूळ ओळख. पहिल्या पिढीच्या या उपग्रहांवर दाराएवढे तीन चकचकीत अँटेना होते आणि त्यांच्यावरून आलेला सूर्य −८ प्रतीपर्यंत चमकायचा. कोण, कुठे, कुठल्या सेकंदाला, हे साइट अचूक सांगायची. जानेवारी २०१७ ते जानेवारी २०१९ दरम्यान नव्या पिढीचे उपग्रह आले, जुने उतरवले गेले, आणि नव्यांना तसे अँटेना नाहीत. मराठीतल्या कित्येक जुन्या लेखांत अजून त्या चमका पाहायला सांगितलेलं असतं. तो खेळ संपला.

स्टारलिंक या इंटरनेट-उपग्रहांचं पान आहे, उड्डाणानुसार फेऱ्या देतं, आणि नुकत्याच सोडलेल्या गाडीसारख्या रांगेसाठी ते कामाचं आहे. पण तिथला तेजाचा आकडा सर्वांत कमी भरवशाचा. कक्षा चढताना हे उपग्रह पंख आडवे ठेवतात आणि ठळक दिसतात, ठरलेल्या उंचीवर पोचून कामाला लागल्यावर पवित्रा बदलतात आणि मंदावतात. तेज कमी करण्यासाठी २०२० मध्ये गडद रंग, मग छत्र्या, पुढे परावर्तक आवरण असे प्रयोग झाले, म्हणून एकाच नावाच्या दोन तुकड्याही सारख्या दिसत नाहीत. खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघाची अपेक्षा ७ प्रतीपेक्षा मंद असण्याची आहे. प्रत्यक्ष प्रत घेऊन ठेवणाऱ्यांना इथे भरपूर काम आहे.

भूस्थिर, म्हणजे आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या, उपग्रहांच्या चमकांबद्दल साइट काहीच देत नाही, आणि ही खरी उणीव. पुण्याहून हा पट्टा −३.२ अंश क्रांतीवर, म्हणजे खगोलीय विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला, दिसतो. सपाट सौरपंखांवरचं परावर्तन आपल्याकडे वळायला सूर्यही सुमारे −३.२ अंशांवर हवा, म्हणजे १२ मार्च आणि १ ऑक्टोबरच्या आगेमागे. त्या दिवसांत मध्यरात्रीच्या सुमारास, सूर्याच्या विरुद्ध बिंदूजवळ, तिकाटण्यावर लावलेल्या द्विनेत्रीत मागचे तारे सरकत असताना जागीच स्थिर राहिलेले ठिपके शोधावेत. सावलीत शिरण्याआधी ते काही मिनिटं उजळतात. यासाठी स्टेलेरियम हे फुकट सॉफ्टवेअर बरं. त्यातलं उपग्रहांचं जोडसाधन कक्षांची माहिती उतरवून घेतं आणि नेट नसलेल्या माळरानावरही चालतं. नासाची ‘स्पॉट द स्टेशन’ सेवा शाळेच्या मुलांसाठी ठीक, पण तिथे फक्त स्थानकच.

हेव्हन्स-अबव्हचं अँड्रॉइड अॅपही आहे. जाहिरातींसह फुकट, आणि पैसे भरून जाहिरातींविना. आकाशाकडे फोन धरून उपग्रह शोधण्याची सोय आकर्षक वाटते, पण ती फोनच्या होकायंत्रावर अवलंबून. चुंबकाचं झाकण असलेलं कव्हर, गच्चीवरचा लोखंडी जिना किंवा पाण्याच्या टाकीची सळई एवढ्यानेही दिशा वीसेक अंश फिरते. कव्हर काढावं, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवावा, मग अॅपमध्ये चंद्र किंवा गुरू खऱ्या जागी दाखवतो का ते पाहावं. दाखवत नसेल तर नकाशावरचे तारे ओळखून चालणं जास्त खात्रीचं. पडदा लाल किंवा अगदी मंद ठेवावा, नाहीतर चौथ्या प्रतीचं काही दिसणार नाही. पैसे भरायचे तर ते जाहिरातींच्या पांढऱ्या झोतापासून डोळे वाचवण्यासाठी भरावेत. सविस्तर फेरीचं पान मात्र संगणकावरच आधी उघडून, अंतर, सूर्याची उंची आणि सावलीची वेळ वहीत उतरवून घेणं सोयीचं पडतं.